घोषणा पुरे, आधी डबा भर

मुलीचा समान ताबा हवा म्हणतोस ना? मग सांग. पोरगी कुठल्या तुकडीत आहे? वर्गशिक्षिकेचं नाव काय? कुठल्या औषधानं तिच्या अंगावर पुरळ उठतं? तिची जिवलग मैत्रीण कोण, आणि सध्या दोघींचा अबोला कशावरून चाललाय? गप्प का? ‘हे तिच्या आईला विचारावं लागेल’ असं म्हणणार असशील तर तोंड मिटलेलंच बरं. हेच वाक्य उद्या कोर्टात तुझ्याविरुद्ध उभं राहणार आहे, आणि ते तुझ्याच तोंडचं असेल.

तू ढ असतास तर मी एवढं बोललेच नसते. ढ मुलांवर मी कधी ओरडले नाही, त्यांच्याजवळ जाऊन बसले. ओरडा खाल्ला तो तुझ्यासारख्यांनी, ज्यांना येत होतं तरी केलं नाही. भूमितीच्या तासाला फळ्यावर कुणी एक पायरी गाळली तर तू बाकावरून उठून भांडायचास. पक्ष काय, साध्य काय, सिद्धता कुठाय? आज स्वतःच्या बाबतीत नुसतं साध्य लिहून मोकळा झालास. पन्नास टक्के मुलगी. सिद्धता कोण लिहिणार? मी?

मागणी चूक आहे असं मी म्हणत नाही, तेव्हा ‘बाई, तुम्हीपण त्यांच्यातल्याच’ हे पालुपद लावू नकोस. मुलाला आई हवी तसा बापही हवा. कुटुंब न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, दुसऱ्या चार बापांच्या गर्दीत, घड्याळाकडे बघत दोन तास बाप होणं ही माणसाची विटंबना आहे. तारखांवर तारखा पडतात, आणि पहिलीतलं पोर चौथीत जातं. काही आया पोरांच्या कानात विष ओततात. ठरलेल्या दिवशी पोर नेमकं ‘आजारी’ पडतं. सगळं मान्य. माझ्या वर्गात अशी मुलं बसलेली मी पाहिली आहेत. चित्रकलेच्या तासाला ‘माझे कुटुंब’ काढायला सांगितलं की ती खोडरबर शोधत बसतात. म्हणूनच तुझा राग येतो. मागणी खरी, आणि ती पडली कुणाच्या हातात? ज्याला स्वतःच्या पोरीच्या बुटाचा नंबर माहीत नाही त्याच्या.

तुझं लाडकं रडगाणं घेऊ. ‘कायदाच बायकांच्या बाजूचा आहे.’ कुठला कायदा? वाचलायस? की भाषण ऐकून टाळ्या पिटल्यास? मी वाचला. निवृत्त गणिताची बाई, चष्म्याचा नंबर वाढलेला, तरी वाचला. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा इंग्रजांच्या काळातला, आणि बाप नालायक ठरत नाही तोवर दुसरा पालक नेमण्याची वेळच येऊ नये अशा थाटाचा. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा घे. कलम 6 काय म्हणतं? मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं, एवढंच त्यात आईच्या पदरात टाकलंय. त्या ‘नंतर’चा अर्थ ‘बाप मेल्यावर’ असाच घेतला जायचा. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर बँक म्हणाली, बापाची सही आणा. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 1999 साली न्यायालयानं सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे बापाच्या अनुपस्थितीत, आणि मुलाकडे लक्षच न देणारा बापही त्यात धरता येतो. कागदावर आजही पहिला पालक तू आहेस, समजलं? कागदानं दिलेला मान तुला वापरता आला नाही, आणि वर कागदालाच शिव्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग मुलं आयांकडे का जातात? कारण त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की सगळ्याच्या वर मुलाचं हित. बापाचा हक्क त्याच्या खाली, आईचाही त्याच्या खाली. मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हेत की खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्येच सांगून ठेवलंय. न्यायाधीश बघतो काय? आजवर पोराचं जेवणखाण, दुखणं-खुपणं, अभ्यास कुणी पाहिला. तिथे तुझी वही कोरी. कोऱ्या वहीला मार्क कसे द्यायचे?

विधी आयोगाचा 257 वा अहवाल हे तुमच्या समान ताब्याच्या चळवळीचं खरं हत्यार आहे. मे 2015 मध्ये सादर झाला. आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं बसलेले. त्यांनी सांगितलं, पालकत्वात आईबाप समान पायरीवर आणा, बापाचा तो वरचा पाट काढा. संयुक्त ताबा हा पर्याय कायद्यात घाला, आणि मुलाच्या हिताचा आहे अशी न्यायालयाची खात्री पटली तर द्या. त्यात मध्यस्थी आहे, पालकत्वाचा आराखडा आहे, आजीआजोबांना भेटण्याची वेळसुद्धा आहे. दहा वर्षं उलटून गेली तरी संसदेनं तो कायदा केलेला नाही. यासाठी खासदाराच्या दारात बसायला हवं होतं. तू बसलास? बसायचं तर आधी अहवाल वाचावा लागतो. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याचं पहिलं पान टाकलं होतं. तू अंगठा दाखवलास आणि झोपलास.

आणि अंगठा दाखवताना दुसरंही एक टाकलंस. 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ‘बघा, मुलाला एका पालकाविरुद्ध फितवणं हा मुलावरचा अन्याय आहे, असं न्यायालयच म्हणतंय!’ म्हणतंय, बरोबर. पण पुढे वाचलंस का? त्या प्रकरणात मुलगी होती बापाकडे. लांब ठेवलेली होती ती आई. न्यायालयानं मुलीला आईच्या स्वाधीन केलं. जो निकाल छातीवर मिरवतोस तो तुझ्यासारख्याच एका बापाच्या विरोधात गेलेला आहे. अर्धी पायरी वाचून सिद्धता लिहिणाऱ्याला मी वर्गात काय करायचे, आठवतं ना?

परदेशाचे दाखले तर तू जिभेच्या टोकावर ठेवतोस. अमेरिकेतल्या केंटकीनं 2018 साली समान वेळ हाच प्रारंभबिंदू मानला, बरोबर. घरगुती हिंसेबद्दल संरक्षणाचा आदेश झालेला असेल तर तो प्रारंभबिंदू लागू होत नाही, हे मात्र भाषणात गळतं. ऑस्ट्रेलियानं 2006 मध्ये समान पालक-जबाबदारीचं गृहीतक कायद्यात घातलं. 2023 च्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं, आणि मे 2024 पासून ते तिथे नाही. लोकांनी त्याचा अर्थ ‘अर्धा वेळ माझ्या हक्काचा’ असा लावला आणि मूल बाजूला पडलं, हा त्यावरचा मोठा आक्षेप होता. म्हणजे समान ताब्याची चाल चुकीची, असं नाही. ती करायची तर डोळे उघडे ठेवून करावी लागते. फक्त सोयीचा देश मोजायचा, ही कुठली पद्धत?

आता आकडे. आकड्यांना तू घाबरत नाहीस, एवढं मला माहीत आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत 15 ते 59 वयाच्या बायकांपैकी 41 टक्के घरातल्या माणसांची, म्हणजे मुलाबाळांची, म्हाताऱ्यांची देखभाल करताना आढळल्या. पुरुष 21 टक्क्यांच्या जरा वर. जे करतात त्यांचा दिवसाचा वेळ? बाईचा 140 मिनिटं, पुरुषाचा 74. कर गुणाकार. सगळ्यांवर सरासरी पसरली तर बाईच्या वाट्याला दिवसाला 57 मिनिटं, पुरुषाच्या वाट्याला 16. साडेतीन पटीहून जास्त. संसार टिकलेला असताना हे प्रमाण, आणि मोडल्यावर एका आदेशानं एकास एक व्हायला हवं? कुठल्या नियमानं?

इथेच तुमच्या चळवळीची गोम आहे. केंद्र सरकारच्या नोकराला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कंपनीत कायद्यानं एक दिवसही नाही. आईला 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे. त्याच 2017 साली हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी पितृत्व रजेसाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. मराठवाड्याचा माणूस, बापांसाठी उभा राहिला. त्याच्या मागे तुमच्यातले किती गेले? मोर्चा निघाला? साधं पत्र गेलं? बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत बाप घरी असावा, ही मागणी तुमच्या फलकावर कधी दिसत नाही. फलकावर दिसते ती बायको. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाळण्याजवळ कधी उभा न राहिलेला बाप घटस्फोटाच्या अर्जात एकदम कसा उगवतो?

फलकांवरून आठवलं. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारून ‘ही बायको पुन्हा नको’ म्हणणारी मंडळी छत्रपती संभाजीनगरकडे आहेत. फोटो छान येतात. तिकडे लंडनमध्ये 2004 साली एक बाप बॅटमनचा पोशाख घालून बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्ज्याशेजारच्या कडेवर चढला होता. त्याचेही छान आले. निदान त्याच्या तोंडी पोरं तरी होती! पिंपळाच्या फेऱ्यांत पोर कुठे आहे, दाखव. त्या फेऱ्या मारून झाल्यावर तिथून शाळेत पालकसभेला कुणी गेलं का? पालकसभेत मी वर्षानुवर्षं बसले आहे. खुर्च्या आया भरतात. बाप येतात ते बहुधा निकालाच्या दिवशी, आणि तेही मार्क कमी का पडले ते विचारायला.

तुझ्या भेटीच्या दिवसांचं बोलू, कारण तिथे तुला पळवाट नाही. कायदा झाला नाही, संसद ऐकत नाही, न्यायाधीश बदलले, सगळं खरं. पण शनिवारची भेट तर तुझ्या हातात आहे ना? मग उशीर का होतो? ट्रॅफिक होता? विमान पकडायचं असतं तेव्हा ट्रॅफिक नसतो? ऑफिसात रिलीज होतं? रिलीजच्या दिवशी तुझा साहेब त्याच्या पोराच्या स्नेहसंमेलनाला जातो, तुलाच कसं जमत नाही? भेटलास की काय करतोस? महागडं खेळणं हातात देतोस आणि तिला विचारतोस, आईकडे हल्ली कोण येतं? फोनवर ती कुणाशी बोलते? नऊ वर्षांच्या पोरीला खबरी बनवतोस तू. ती गप्प बसते, आणि तू वकिलाला सांगतोस की आईनं तिला पढवलंय. अरे, ती तुझ्यामुळे गप्प बसते. रविवारी तिला दोघांच्याही तोंडाकडे बघायचं असतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर काढ, पण त्या कढईत पोरीला टाकू नकोस.

व्हिडिओ कॉल तर घरबसल्याचं काम. ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज बोलता यायला हवं, त्यासाठी व्हिडिओ कॉल वापरा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. तुला तशी वेळ मिळालीही आहे. त्या वेळेला तू कुठे असतोस? गाडी चालवत. पोरगी पडद्यावर पुस्तक धरून वाचून दाखवते आणि तू सिग्नलला ‘वा, छान’ म्हणतोस. काय वाचलं तिनं? सांग.

पैशाचं मी लवकर आटपते, कारण तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. ‘भेट नाही तर पोटगी नाही’ ही सौदेबाजी कोर्टात चालत नाही आणि चालू नये. पोरीची शाळेची फी हा तुझ्या रागाचा हप्ता नव्हे. नागपूरच्या एका प्रकरणात नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. पगार लपवायला भावाच्या नावावर खातं उघडणारे बाप मला माहीत आहेत. त्यातला एक तुझ्याच गटात पुढे उभा राहून समानतेवर बोलतो. त्याला माईक देताना तुझा हात कसा थरथरला नाही?

आणि खोट्या केसेस? असतात. तुझ्यावरची खोटी असेल तर लढ, वकील दे, पुरावे दे, मी अडवत नाही. पण ती केस वेगळी, पोरीचं बाप असणं वेगळं. एका फाइलची धूळ दुसरीवर झटकू नकोस. बायकोला हरवण्यात तुझी जेवढी बुद्धी खर्च होते त्याच्या चौथाईनं पोरीचा अपूर्णांकांचा अभ्यास झाला असता. तिचे अपूर्णांक कच्चे आहेत, बरं का. तिची गृहपाठाची वही माझ्या नजरेखालून गेली आहे. छेद समान न करता बेरीज करते. गणितात नव्याण्णव पाडणाऱ्याची लेक.

शेवटचा प्रश्न. समज, उद्या कोर्टानं दिला. आठवड्यातले साडेतीन दिवस. सोमवारी सकाळी डबा कोण भरणार? तू माझ्याकडे असा काय बघतोस? ‘आई आहे ना’ हेच म्हणणार होतास. म्हणजे अर्धा ताबा तुला, आणि अर्धं काम सत्तरीच्या गुडघ्यांना. तिनं तुला वाढवलं, आता तुझी पोरगी वाढवायची, आणि भाषणात ‘मी एकट्यानं’ म्हणायचं तू. तुझ्या आईला कधी विचारलंस, तिला झेपेल का? समान ताब्याची मागणी आधी तुझ्या स्वतःच्या घरात, तुझ्या आणि तुझ्या आईच्यात लागू कर. न्यायाधीश हाच प्रश्न विचारेल, ‘तुम्ही कामावर असताना मूल कुणाकडे?’ तेव्हा ‘आई’ म्हणून सुटशील असं वाटतं? ती पोरीची आजी आहे. बाप कोण?

आता कामाला लाग. साहेबाला लेखी दे की भेटीच्या दिवशी तू उपलब्ध नाहीस. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये मुलांच्या ताब्याइतकाच शिक्षणाचाही उल्लेख आहे, आणि हुकूम नंतर बदलूनही मागता येतो. वकिलाला सांग की शाळेच्या नोंदी, प्रगतिपुस्तक, पालकसभेचं बोलावणं तुलाही मिळावं, एवढाच अर्ज आधी टाक. पालकत्वाचा आराखडा स्वतःच्या हातानं लिही. त्यात शाळेचे दिवस, दिवाळी, मे महिना, पोरीचं आजारपण, अंथरुणं-पांघरुणं, आणि स्वयंपाक कोण करणार हेही असू दे. ‘आई करेल’ लिहिलंस तर मी लाल शाईनं काट मारीन. तिच्या आईला निरोप पाठवायचा तर ‘तिला कसली भाजी आवडते’ एवढंच विचार, पुढे टोमणा नको. पोळी लाटायला शीक. भारताचा नकाशा झाला तरी चालेल, पोरं खातात.

भेट ठरली असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी पोच, आणि फोन गाडीत ठेव. तिच्या आईबद्दल एकही प्रश्न नको. वही सोबत ने, अपूर्णांकांची. समान छेद तू शिकवशील, मी नाही शिकवणार. माझं काम झालं. विधी आयोगाच्या अहवालाची प्रत मागायला माझ्याकडे येऊ नकोस. आयोगाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते.